बरकातने झरोक्यातून काय पाहिलं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे प्रमुख माननीय रऊफ गन्नाम साहेब, व्यासपीठावर विराजमान असलेले आदरणीय शेख अब्दुल-मुईन आणि इतर मान्यवर, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ते भट्टी विभागाचे प्रमुख, सत्कारमूर्ती हाज बरकात मितवल्ली, समोर पहिल्या रांगेत बसलेल्या सनिय्या वहिनी, आणि मागे ईदच्या उरलेल्या कहक-बिस्किटांच्या ताटांवर एक डोळा ठेवून बसलेल्या माझ्या सर्व बंधुभगिनींनो,

मी नाशिद बखूम. धातू तपासणी विभागाचा प्रमुख. आत्ताच्या निवेदकांनी मला ‘थोर शास्त्रज्ञ’ वगैरे म्हटलं, ते त्यांच्या चांगुलपणामुळे. कारखान्यात मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. ‘आला तो भिंग घेऊन’ असं म्हणतात. हसू नका, तिसऱ्या रांगेत म्हणणारे बसलेत, मी चेहरे ओळखतो.

माझी पहिली अडचण अशी की मला स्तुती करता येत नाही. ज्या माणसाला आयुष्यभर दोष शोधायचाच पगार मिळाला, त्याला निरोपाच्या भाषणाला उभं करणं म्हणजे निवडुंगाला द्राक्षं मागणं झालं. पण कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी सांगितलं की हाज बरकात यांनीच माझं नाव सुचवलं. ‘नाशिद बोलला नाही तर मी सन्मानचिन्ह घेणार नाही,’ असं ते म्हणाले म्हणे. म्हणून मी उभा आहे. का सुचवलं असेल, याचा मी गेले दोन दिवस विचार करतोय, आणि खरं सांगतो, मला नीट झोप नाही.

आता हाज बरकात. इथून पुढे मी त्यांना नुसतं बरकात म्हणेन, अरेतुरे करेन, शेखसाहेबांनी रागावू नये. सुएझ शहर युद्धानंतर पुन्हा माणसांनी भरू लागलं तेव्हापासूनची आमची ओळख आहे. तेव्हा आम्हा दोघांच्याही डोक्यावर केस होते.

बरकात गप्प बसलाय असं दृश्य कुणी पाहिलंय का? मी पाहिलं नाही. त्याला भट्टीतल्या नळ्यांचा रंग विचारावा. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, लाल आहेत. हा म्हणायचा, ‘आज नळ्या नवरीच्या मेंदीसारख्या आहेत, नाशिद, दुसऱ्या दिवशीच्या.’ कधी म्हणायचा, ‘कलिंगड कापल्यावर सालीलगतचा भाग असतो ना, तसा.’ एकदा तर म्हणाला, ‘माझ्या सासूला राग आला की तिच्या कानाच्या पाळ्या होतात, अगदी तो रंग.’ वहिनी, माफ करा, सासू म्हणजे तुमच्याच मातोश्री. पण त्या पाळ्यांवरून मी उष्णतेचा आकडा काढायचो आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा.

बहुतेक वेळा म्हणतो, नेहमी नाही. एकदा इटलीहून एक गृहस्थ उष्णता मोजायचं यंत्र घेऊन आले होते. बरकातने आकडा सांगितला, यंत्राने दुसराच सांगितला, आणि दोन्हींत चांगलंच अंतर होतं. आम्हाला वाटलं, आता हा ओशाळेल. हा त्या इटालियन गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘साहेब, रमजान आहे. तुमच्या यंत्राने सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही.’ ते गृहस्थ पुढचे आठ दिवस बरकातच्या घरी इफ्तारला जात होते. असा हा माणूस. गर्विष्ठ, बडबड्या, आणि दारात आलेल्याला उपाशी न सोडणारा.

ही झाली स्तुती. यापुढचं बोलणं मला जड जाणार आहे.

मागे बरीच नवीन मुलं बसली आहेत, त्यांच्यासाठी थोडं धातूबद्दल बोलतो. रऊफ साहेब, फार वेळ घेणार नाही. आपल्या खत कारखान्याच्या भट्टीत नळ्या उभ्या टांगलेल्या आहेत. आतून गॅस आणि वाफ, बाहेरून आग. निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू आहे तो, महागातला, उष्णतेत टिकावा म्हणूनच बनवलेला. पण टिकतो म्हणजे काय? धातू लाल होऊन वजन पेलत असला, की तो हळूहळू ताणला जातो. थांबत नाही. बाल्कनीत तुम्ही कपड्यांची दोरी घट्ट बांधता, रोज ओले कपडे घालता, आणि उन्हाळा संपेपर्यंत दोरीला झोळ येतो. कपडे काढले तरी झोळ जात नाही. धातूचं असंच आहे, फक्त त्याला वर्षं लागतात. नेमून दिलेल्या उष्णतेत चालवा, तो वर्षानुवर्षं इमानाने उभा राहील. पण उष्णता मर्यादेबाहेर गेली, की वर्षांची ताकद तो एका संध्याकाळी घालवून बसतो.

आणि खरी पंचाईत पुढेच आहे. भट्टी थंड झाली की ती नळी अगदी साळसूदासारखी उभी असते. माप घ्या, माप जवळपास बरोबर. ठोकून बघा, आवाज बरोबर. आत जे बारीक कण धातूला धरून ठेवतात, ते मात्र विरघळून गेलेले असतात, नाहीतर एकमेकांना चिकटून निकामी झालेले असतात. बाहेरून काही कळत नाही. मग पुन्हा आग लागते, आत दाब चढतो, आणि ती नळी भराभर फुगते. फाटते तेव्हा तिच्यातून गॅस बाहेर येतो आणि बाहेर आग असतेच.

तुमच्यापैकी किती जणांना सलामा आठवतो? हात वर करा. थोडेच आहेत, जुने. सलामा आमच्याबरोबर होता. नळी फाटली तेव्हा तो भट्टीत डोकावायच्या झरोक्यापाशी उभा होता. त्याच्या घरी तो गेल्याचा निरोप द्यायला बरकात आणि मी गेलो. जिन्यात बरकात मला म्हणाला, ‘तू बोल, मला जमणार नाही.’ आणि दार उघडल्यावर बोलला तोच. सलामाच्या बायकोचा हात धरून तो जमिनीवर बसला होता. त्या दिवसापासून बरकातने नियम केला: पॅनलवरचा काटा काहीही सांगो, भट्टी पेटवताना एक माणूस झरोक्यापाशी पाहिजे आणि त्याने नळ्या डोळ्यांनी बघितल्या पाहिजेत. काटा नळीतून बाहेर पडणाऱ्या गॅसची उष्णता सांगतो. नळीतून काही वाहतच नसेल तर तो बिचारा काय सांगणार? तो खाली पडून राहतो. आणि तुम्ही म्हणता, अजून भट्टी थंडच आहे, लावा आणखी बर्नर. हे बरकातचं वाक्य आहे. नव्या मुलांना शिकवताना तो काट्याला शिव्या घालायचा, त्या मी इथे सांगत नाही.

आता रमजानची आमची पद्धत. सूर्यास्ताच्या अजानला कारखान्यातले सगळे मुसलमान भाऊ जेवायला जातात आणि आम्ही ख्रिस्ती लोक त्यांच्या जागा धरतो. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, माहीत नाही. कुठे लिहिलेलं नाही. माझं काम भट्टीचं नव्हे, तरी रोज त्या वेळी मी प्रयोगशाळेला कुलूप लावून लोखंडी जिना चढायचो आणि झरोक्यापाशी उभा राहायचो. बरकात खालून ओरडायचा, ‘नाशिद, भट्टी तुझ्यावर सोपवलीय आणि तुला येशूवर!’ या वर्षी तर आमचा नाताळाआधीचा उपास आणि त्यांचा रमजान एकाच वेळी आले. माझ्या डब्यात डोकावून हा म्हणतो, ‘तेलातले पावटे खाता आणि त्याला उपास म्हणता? मग मी जन्मभर उपाशीच आहे की रे.’

या रमजानात भट्टी पेटवली त्या दिवशी मी सुएझमध्ये नव्हतो. अस्यूतला माझ्या मावशीच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना होती. मी जाऊ की नको करत होतो, कारण दुरुस्तीनंतरची ही पहिलीच पेटवणी होती. बरकातनेच मला ढकललं. ‘जा रे. मावशी एकदाच मरते, भट्टी दर वर्षी पेटते. तुझ्या जागी मी उभा राहीन.’

पुढचं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, पण वेगवेगळ्या तोंडून ऐकलेलं आहे, म्हणून एकदा सरळ सांगतो. अजान झाली. बरकातने सगळ्यांना जेवायला पिटाळलं. स्वतः एक खजूर तोंडात टाकून तो पॅनलपाशी राहिला. वाफेच्या झडपेवर त्याचा मुलगा वाइल होता. आपल्याकडे कामगारांच्या मुलांना कामावर घेतात, तसा तोही दोन वर्षांपूर्वी लागलेला. वाइल, तू मागे उभा आहेस, मी तुला बघतोय, बस. बापाने त्याला फोन केला, ‘सोड ते, जा, पोरांबरोबर जेव.’ वाइलला वाटलं, वाफ जेवण झाल्यावर सोडायची. बापाला वाटलं, पोराने वाफ सोडली आणि मग गेला. दोघांपैकी कुणाचंही डोकं फिरलेलं नव्हतं. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, अजानचा आवाज कानात, मसुराच्या सुपाचा वास जिन्यापर्यंत आलेला. नळ्यांची उष्णता वाहून नेणारी वाफच आत नव्हती आणि बर्नर पेटत होते.

थोड्या वेळाने बर्नर बंद झाले, भट्टी थंड झाली. दुसऱ्या दिवशी बैठक झाली. त्या बैठकीत बरकात म्हणाला, ‘वाफेला जरा उशीर झाला. पण मी झरोक्यातून पाहिलं. नळ्या गडद लाल होत्या. त्यापुढे गेल्या नाहीत.’ गडद लाल म्हणजे उष्णता मर्यादेत, काळजीचं कारण नाही. नुकसान नाही म्हणून चौकशी नाही, आणि चौकशी नाही म्हणून झडपेवर कोण होता, हा प्रश्नच नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खरं सांगायचं तर मीही टाकला.

मग मी मापं घेतली. काही नळ्या जराशा वाकलेल्या सापडल्या. बरकात म्हणाला, त्या आधीपासूनच वाकड्या आहेत. असतीलही, जुन्या नळ्या आहेत. मी रऊफ साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, मला एक नळी कापून द्या, आत बघू द्या. साहेब, तुम्ही काय म्हणालात ते सांगितलं तर चालेल ना? तुम्ही वाईट काही बोलला नाहीत.

साहेब म्हणाले, ‘नाशिद साहेब, तुम्ही बरकातचा डोळा मानता की नाही?’

मी म्हटलं, ‘मानतो.’

‘मग अडलंय कुठे? नळी कापायची म्हणजे भट्टी आणखी बंद. तिकडे डेल्टातला गहू युरियाची वाट बघतोय. मंत्रालयातून दिवसातून तीनदा फोन येतो. मी त्यांना काय सांगू, आमचे तपासणी प्रमुख स्वतःच्या मित्रावर विश्वास ठेवायला तयार नाहीत?’

साहेबांची बाजू चुकीची नव्हती. गव्हाला खत वेळेवर लागतं, तो आपल्या बैठका संपायची वाट बघत नाही. म्हणून ठरलं: शनिवारी सकाळी भट्टी पेटवायची, पूर्ण दाबाने चालवायची. त्याआधी ‘नळ्या सुस्थितीत आहेत’ या वाक्याखाली माझी सही. आज गुरुवार आहे. सही अजून झालेली नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मी बरकातच्या घरी गेलो. वहिनींनी कहक पुढे ठेवलं, बदाम घातलेलं. वाइल चहा घेऊन आला. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग विचारलं, ‘बरकात, त्या संध्याकाळी रंग कसा होता?’

‘गडद लाल.’

‘कशासारखा?’

‘गडद लाल म्हणजे गडद लाल. चहा घे, निवतोय.’

मंडळी, तुम्ही या माणसाला ओळखता. ज्याने सासूच्या कानाच्या पाळ्या सोडल्या नाहीत, तो दोन शब्द बोलून गप्प बसला! मी पुन्हा विचारलं, ‘अरे, नीट सांग ना, डाव्या बाजूच्या रांगेत कसा होता, उजव्या बाजूला कसा होता?’ त्याने माझ्या बशीत आणखी एक कहक ठेवलं आणि टीव्हीचा आवाज मोठा केला. ईदचं काहीतरी नाचगाणं चाललं होतं. ते बघत आम्ही दोघे बसलो.

निघताना वाइल मला खाली सोडायला आला. म्हणाला, ‘नाशिदकाका, शनिवारी पहिल्या पाळीत झरोक्यावर मी आहे. तुमची सही होईल ना? बाबा म्हणतात, तुम्ही उगाच भिंग लावून बसलाय.’

मी म्हटलं, ‘बघू.’ तो हसला. बापासारखाच हसतो, सगळे दात दाखवून.

अध्यक्षमहाराज, तुम्ही घड्याळ बघताय, मला दिसतंय. निरोपाच्या समारंभात हे काय काढलंय, असंही तुमच्या मनात आलं असेल. मागे कुणी तरी म्हणतंय, ‘ही वेळ आहे का?’ बरोबर आहे. पण उद्या शुक्रवारची सुट्टी. उद्यापासून बरकात आपला नोकर नाही, आणि परवा भट्टी. मग दुसरी वेळ कोणती? मला सांगा, मी त्या वेळी येतो.

बरकात, मी तुला सगळ्यांसमोर विचारतोय, कारण एकट्याने विचारलं तेव्हा तू टीव्ही लावलास.

खाली बघू नकोस. माझ्याकडे बघ.

तू काय करतोयस ते मला कळतं. मीही बाप आहे. नुकसान झालं म्हटलं की चौकशी आली. चौकशीत पहिलं नाव झडपेवरच्या माणसाचं येणार. सरकारी वकिलापुढे तुझं पोर उभं राहणार. तू त्याला त्यातून वाचवायला निघालायस. तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं, मला माहीत नाही. मी तुझ्यापेक्षा भित्रा आहे, बहुधा असंच केलं असतं. पण एक विचारतो. वकिलापासून त्याला वाचवून तू त्याला नेऊन कुठे उभं करतोयस? परवा सकाळी झरोक्यापाशी कोण आहे? तू नेमलेली पाळी आहे, तूच सांग.

आणि तो एकटा नाही. त्याच्या शेजारी आणखी पाच-सहा जणांची मुलं आहेत. त्यांचे बाप इथे बसलेत. ते सगळे तुझ्या डोळ्यावर विसंबून आहेत. रऊफ साहेबही तुझ्या डोळ्यावरच विसंबलेत. माझ्या मापांवर नाही, भिंगावर नाही, तुझ्या डोळ्यावर. इतकी इज्जत या कारखान्यात दुसऱ्या कुणाला मिळाली नाही, मला तर नाहीच. म्हणून मी आज इथे तुझी स्तुती करण्याऐवजी तुला विचारतोय. नळ्या खरोखरच गडद लाल असतील तर तसं सांग, माझ्या डोळ्यात बघून सांग, आणि मी इथेच, या टेबलावर सही करतो. पेन खिशात आहे. तू सांगशील ते मी मानेन. जन्मभर मानत आलोय.

काय रंग होता, बरकात?

थांबा, कुणी बोलू नका. वहिनी, तुम्ही बसा. रऊफ साहेब, कृपा करून एक मिनिट. त्याला उठू द्या. हळू, बरकात, टेबलाचा कोपरा आहे. माइक देतो. नको? बरं, तसाच बोल. मी ऐकतोय.

मागच्या मंडळींना ऐकू आलं नसेल. मी सांगतो. शब्द त्याचेच आहेत, मी माझ्या पदरचं काही घालत नाही.

हाज बरकात म्हणाले, ‘मी पाहिलंच नाही.’

गप्प बसा. मागे गप्प बसा म्हणतोय ना! तो अजून बोलतोय.

ते म्हणताहेत, ‘काटा वर येत नव्हता, म्हणून मी बर्नर लावत गेलो. जिना चढायला पाहिजे होता. म्हटलं, खजूर खाऊन चढतो. मग तापल्या धातूचा वास आला. मी बर्नर बंद केले आणि जिन्यापाशी गेलो. वर झरोका होता. चढायची छाती झाली नाही. पाहिलं असतं तर सांगावं लागलं असतं.’

अजून एक वाक्य आहे. ‘झडपेवरून पोराला मी पाठवलं. तो गेला नसता तर मी ओरडलो असतो. त्याचा दोष नाही.’

एवढंच. नाही, थांबा, आणखी म्हणतोय. ‘नाशिदचं नाव मीच सुचवलं होतं. मला वाटलं, तो विचारेल.’

मला एक घोट पाणी द्या कुणीतरी.

तर मंडळी, त्या संध्याकाळचा रंग कुणीच पाहिलेला नाही. नळ्या किती तापल्या हे या जगात कुणाला माहीत नाही. रऊफ साहेब, सगळ्यांसमोर सांगतो, माझी सही मिळणार नाही. एक नव्हे, भट्टीच्या चारही बाजूंच्या नळ्या कापून बघू. वाईट निघाल्या तर बदलाव्या लागतील. युरिया बाहेरून मागवावा लागेल, मंत्रालय ओरडेल, वर्तमानपत्रं काय हवं ते लिहितील. ज्या फोनला तुम्हाला उत्तर देणं जड जाईल तो माझ्याकडे द्या. मी आधीच लोकांचा नावडता आहे, मला काही फरक पडत नाही.

बरकात, मी तुला खोटा धीर देणार नाही. चौकशी होईल. निवृत्तीचे कागद अडकतील. लोक म्हणतील, त्याचा डोळा काय कामाचा. काही जण बाजारात तुला ओळख देणार नाहीत, त्यांची नावं मी आत्ताच सांगू शकतो. चौकशीत मी तुझ्या बाजूला बसेन आणि तू आज जे बोललास तेच तिथे बोलेन, तुझ्या मुलाबद्दलचं वाक्य धरून. आणि तुझ्यावरचा राग गिळल्याशिवाय तुझ्या घरी चहाला येणार नाही. राग आलाय मला. खूप आलाय. तू मला अस्यूतला पाठवलंस आणि तीन आठवडे माझ्या तोंडावर खोटं बोललास. पण तू आत्ता उठलास. नळ्या कापू तेव्हा तू माझ्या शेजारी पाहिजेस. निवृत्त असलास तरी ये.

अध्यक्षमहाराज, मला बोलायची संधी दिलीत, मध्येच माइक बंद केला नाहीत, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. शेखसाहेब, तुमच्या समोर चढ्या आवाजात बोललो, वयाने तुम्ही वडील, पोटात घाला. सनिय्या वहिनी, तुमच्या घरच्या समारंभाचं मी हे असं करून टाकलं. तुमच्या मातोश्रींचं नाव घेतलं त्याबद्दल माफी मागता येईल, बाकीच्याबद्दल मागता येत नाही, तुम्हीच समजून घ्या. आयोजकांनी एवढा मंडप सजवला, मला बोलायला फुलांनी मढवलेली जागा दिली आणि माझ्या तोंडून फुलं पडली नाहीत. औचित्याचा भंग झाला असेल, शब्दांत उणंअधिक झालं असेल, तर तो माझ्या स्वभावाचा दोष समजून क्षमा करावी.

टाळ्या नकोत. कुणीही वाजवू नका.

वाइल, तिथे भिंतीला टेकून काय रडतोयस? पुढे ये. सगळ्यांच्या समोरून ये. बापाचा हात धर आणि त्याला पायऱ्या उतरव, डोळे भरलेत त्याचे, खालचं दिसत नाहीये.